ममीचीं वस्त्रें आणि राळ

ज्या इजिप्तमध्यें कच्च्या विटांचे राजवाडे मातीस मिळाले, तेथें मृतांच्या अंगावरील लिननच्या पट्ट्या हजारों वर्षें टिकाव्या, हें नवलच होय. अळशीच्या तंतूंचें हें कापड ओलावा लागतांच बुरशीच्या भक्ष्यस्थानीं पडावयाचें. तेथील कोरड्या हवेनें त्यास तारलें खरें. पण सारें श्रेय हवेचें नव्हे. नेट्रन नामक क्षारांत वाळविलेल्या प्रेताभोंवतीं गुंडाळावयाच्या पट्ट्यांना डिंक फांसीत, असें हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानें इ. स. पू. ५ व्या शतकांत लिहून ठेविलें आहे. राळेचा लेपहि देत. राळ धाग्यांत मुरून घट्ट झाली म्हणजे पाण्यास वाट मिळत नाहीं आणि जंतूंची वाढ खुंटते. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या रासायनिक परीक्षणांत, पिरॅमिडांहून कितीतरी जुन्या अशा मोस्तगेद्दा येथील कापडावर स्निग्ध पदार्थ व पाइन वृक्षाची राळ यांचें मिश्रण आढळलें. अशी राळ परदेशांतूनच आणावी लागे.

मात्र तारक वस्तु प्रमाण सुटतांच मारक होते. १९२५ सालीं डॉ. डग्लस डेरी यांनीं तुतनखामेनच्या ममीच्या पट्ट्या सोडावयास घेतल्या, तों त्या काजळासारख्या झालेल्या दिसल्या. अंत्यविधींत ओतलेल्या विपुल लेपद्रव्यांनीं वस्त्र आंतल्या आंत करपलें होतें, आणि देह सोन्याच्या शवपेटीस चिकटून बसला होता. राजासाठीं हात सढळ सुटला, आणि त्याचेंच वस्त्र स्पर्शासरसें चुरा झालें. मोस्तगेद्दाच्या अनामिक ग्रामस्थांचें मात्र अद्यापि परीक्षेस उतरतें.