शिह त्झू आणि पॉमेरेनियन : एकाच घरात, पण एकच नियम नाही! केसांची निगा कशी राखाल, फिरवायला कधी न्याल?

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये शिह त्झू आणि पॉमेरेनियन ही जोडी हमखास दिसते. दोघेही छोटे, दोघेही केसाळ. त्यामुळे दोघांची निगा सारखीच राखली जाते आणि नेमकी इथेच चूक होते.

उन्हाळ्यात केस पूर्ण काढावेत का?

शिह त्झूचे केस माणसासारखे वाढतच राहतात. ते वेळोवेळी कापून घ्यावे लागतात. पॉमेरेनियनला मात्र केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ केस आणि आत दाट, मऊ लव. हे आवरण थंडीप्रमाणेच उन्हापासूनही बचाव करतं. त्याचं 'टक्कल' केलं, तर केस पुन्हा नीट न येण्याचा धोका असतो. त्याला रोजचं विंचरणं पुरेसं आहे.

आधी अंघोळ की आधी विंचरणं?

आधी विंचरणं. गुंता ओला झाला की आणखी घट्ट होतो आणि खालची त्वचा ओली राहून तिथे संसर्ग होतो. कानामागे, काखेत आणि पट्ट्याखाली गुंता जास्त होतो. माणसांचा शाम्पू वापरू नका. कुत्र्यांच्या त्वचेला तो मानवत नाही.

फिरवायची योग्य वेळ कोणती?

कुत्र्यांना माणसासारखा घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतात. शिह त्झूचं नाक चपटं असल्याने त्याला हेही नीट जमत नाही. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच बाहेर पडा. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर ५ ते ७ सेकंद टेकवून बघा. तुम्हाला चटका बसत असेल, तर त्यांचे पंजेही भाजणार.

जोरजोरात धाप, घट्ट लाळ, लडखडणं ही उष्माघाताची लक्षणं आहेत. लगेच सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि तातडीने पशुवैद्यकांकडे जा.

दोघांना एकत्र कसं सांभाळाल?

पॉमेरेनियनची श्वासनलिका नाजूक असते. गळपट्टा ओढला की त्याला खोकल्याची उबळ येऊ शकते. त्यामुळे छातीवरून बांधायचा हार्नेस दोघांसाठीही चांगला. सुरुवातीचे काही दिवस त्यांना वेगवेगळं फिरवा. दोघं न ओढता चालायला लागले की मग एकत्र न्या. वेग दमणाऱ्याचा ठेवा, पळणाऱ्याचा नाही.

घरी परतल्यावर काय तपासाल?

बोटांच्या बेचक्यात आणि कानांत गोचीड आहे का, ते बघा. गोचिडांमुळे होणारा ताप जीवावर बेतू शकतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्यामुळे पंजे धुऊन कोरडे करा. रेबीज आणि लेप्टोचं लसीकरण वेळेवर करून घ्या.

आणि हो, फिरायला निघताना विष्ठा उचलायची पिशवी विसरू नका. सोसायटीतली निम्मी भांडणं तिथेच मिटतील!