नागपाडा : दादा आणि बास्केटबॉल

मंटोची ‘मम्मद भाई’ वाचलेल्यांना फारस रोडचा दादा ठाऊक असतो. त्याच वस्तीत दुसरेही काही चालले होते, त्याची आठवण आपण फारशी काढत नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२०च्या दशकात इथे ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ उघडले. मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू अशा मिश्र वस्तीतच राहून काम करायचे, ही कल्पना. १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळाही (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) इथेच सुरू झाली.

पण पोरांना धरून ठेवले ते बास्केटबॉलने. दादाला पोरगा हवा असतो तो संध्याकाळचा, रिकामा. नेमका तोच वेळ मस्तान तलावाच्या कोर्टाने घेतला. इथलेच अब्बास मुंतसिर पुढे भारताचे कर्णधार झाले, १९७०चा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला. मोहल्ल्यातल्या पोराला दादाखेरीज दुसरा हीरो दिसला.

टोळ्या संपल्या, असे कोणी म्हणणार नाही. १९८०च्या दशकातले डोंगरी-नागपाड्याचे टोळीयुद्ध सर्वांना माहीत आहे. एक कोर्ट किती पोरांना पुरणार? आणि शाळांची मैदाने तर सुट्टीची घंटा होताच कुलूपबंद होतात.