शिमग्याची रजा: मुकादमाशी झालेला तोंडी करार

आज एक छोटा प्रश्न घेऊ. कुलाबा जिल्ह्यातला, म्हणजे १९८१ पासून ज्याला आपण रायगड म्हणतो तिथला माणूस मुंबईच्या गिरणीत लागताना रजेचं बोलणं कोणाशी करायचा?

आता नेमणुकीच्या पत्रात रजेचा रकाना असतो. तेव्हा पत्रच नव्हतं. भरती मुकादमाच्या हाती. गावचा, भावकीतला कोणी शब्द टाकायचा, दस्तुरी ठरायची, आणि माणूस बहुतेक बदलीवर उभा राहायचा. शिमग्याला जाऊ, लावणीला थांबू, हे तेव्हाच कानावर घालून ठेवावं लागे. कारण रजा म्हणजे पगारी सुट्टी नव्हेच. रजा म्हणजे परत आल्यावर आपला साचा आपल्याला मिळणं.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. फार मोठी गोष्ट. पण मुरूड-श्रीवर्धनच्या माणसाला एका रविवारात घर गाठून परत येता येत नव्हतं. पावसाळ्यात तर किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद. म्हणजे त्याला हवे होते सलग दिवस, आणि ते फक्त मुकादम देऊ शकत होता. बरं, देऊन वर परतीला पुन्हा दस्तुरी! एकाच जागेचे पैसे दोनदा.

मालक म्हणत, कोकणी कामगार बेभरवशाचा, सण आला की पळतो. आम्हाला हे पटत नाही. शेत, म्हातारी माणसं, बायकामुलं गावी. आजारपण, बाळंतपण, संप, सगळ्याला आधार गावचाच. ते सोडून तो चाळीत कशाच्या भरवशावर राहणार होता?

१९३१ साली व्हिटली आयोगाच्या अहवालाने हे ओळखलं. कामगाराला ठरावीक मुदतीची रजा मागू द्या आणि वेळेवर परतला तर जुनं काम मिळेल असं वचन द्या, अशी शिफारस केली. वचन, बरं का. पगारी रजा कायद्यात यायला १९४५ उजाडलं: बारा महिने सलग नोकरी झाल्यावर दहा दिवस. मग १९४८ चा कारखाना कायदा आला. त्यात १९५४ च्या दुरुस्तीनंतर नियम असा होता: वर्षात २४० दिवस भरा, वीस दिवसांमागे एक दिवस घ्या.

म्हणजे हिशेब करा, २४० दिवसांचे बारा. आणि नुकत्याच लागलेल्या माणसाच्या खात्यावर? शून्य. बदलीवाल्याचे तर दिवस भरण्याचीच मारामार. त्याची रजा कायदा आल्यावरही तोंडीच राहिली.

म्हणून थळला नाहीतर नागोठण्याला मुलाखतीला गेलेला मुलगा पगारावर मान डोलावतो आणि उठता उठता विचारतो, "साहेब, गणपतीचे पाच दिवस मिळतील ना?" घरचे त्याला नंतर रागावतात, नोकरी लागायच्या आधी सुट्टी काय मागतोस म्हणून. आम्ही म्हणतो, तेव्हाच विचारावं, आणि कागदावर घ्यावं. त्याच्या पणजोबाकडे कागद मागायची सोय नव्हती.

आता तुमचे प्रश्न घेऊ.