सैन्यातील जवान आणि घरातील परवान्याची बंदूक

सैन्यात हाताळलेल्या शस्त्राने घरी शस्त्र ठेवण्याचा अधिकार मिळत नाही. बीदर तालुक्यातील कमठाण्याचा जवान रजेवर गावी आला की शस्त्रांच्या बाबतीत तो शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखाच नागरिक असतो. शस्त्र कायदा, 1959 मधील कलम 45 ची सूट लोकसेवकाला कर्तव्य बजावण्यापुरती आहे. खासगी बंदुकीसाठी कलम 3 खालील परवाना त्यालाही घ्यावाच लागतो. गोव्यातील जवानालाही हाच केंद्रीय कायदा लागू आहे. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडव समाज आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सवलत आहे खरी, पण तिचा बीदरशी संबंध नाही.

जानेवारी 2025 मध्ये बीदर शहरात एटीएमची रोकड नेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर भरदिवसा गोळीबार करून लूट झाली. अशा घटनेनंतर मागे राहिलेल्या कुटुंबासाठी बंदूक हवी, असे दूरवर तैनात असलेल्या जवानाला वाटले तर नवल नाही. निवड करताना मात्र कायद्याची रचना ध्यानात घ्यावी. किमान 20 इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक संरक्षणासाठी मागणाऱ्याला कलम 13 तुलनेने अनुकूल आहे. बारा बोअरची दुनाळी त्यात बसते. .32 बोअरच्या रिव्हॉल्व्हरसाठी सबळ कारण दाखवावे लागते. 2016 च्या नियमांत आजी-माजी सैनिकांच्या अर्जाचा स्वतंत्र उल्लेख आहे, तोही जीविताला वा मालमत्तेला खरी गरज असेल तरच. 9 मिमीचे पिस्तूल प्रतिबंधित वर्गात मोडते, तेव्हा त्याचा विचार सोडावा. रायफलीची सवय असलेल्या हाताला दुनाळी अधिक सोयीची, असे आम्हांस वाटते. तरी तिचे छर्रे पत्र्याच्या दारापलीकडे जाऊ शकतात, हे विसरून चालणार नाही. बंदूक व काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलिसांचा अहवाल मागवला जातो. 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि परवाना पाच वर्षांसाठी मिळतो.

खरी अडचण पुढे आहे. परवाना घराला नसतो, माणसाला असतो. जवान सीमेवर आणि बंदूक कमठाण्यात वडिलांच्या किंवा पत्नीच्या ताब्यात, ही स्थिती कायद्याला मान्य नाही. ज्याला शस्त्र बाळगण्याचा हक्क नाही त्याच्या हाती ते देणे कलम 29 नुसार गुन्हा ठरू शकतो. म्हणजे ज्यांच्यासाठी शस्त्र घेतले, त्यांनाच ते वापरता येत नाही! घरातील ज्या व्यक्तीला खरोखर संरक्षण हवे, तिनेच स्वतःच्या नावे अर्ज करणे हा सरळ मार्ग. नाहीतर रजा संपताना बंदूक अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीत द्यावी. परवान्याची मुदत संपली किंवा तो रद्द झाला, तर कलम 21 प्रमाणे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे शस्त्र जमा करावे लागते. सैन्यातील व्यक्तीला आपल्या तुकडीच्या शस्त्रागाराचीही मुभा आहे. परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास घरात उरलेली बंदूक वारसांसाठी बेकायदा ठरते, म्हणून तीही जमा करावी. वारसाला हवी असल्यास त्याने आपला परवाना मागावा.

कमठाण्याहून महाराष्ट्र आणि तेलंगणा दोन्ही जवळ. परवाना कर्नाटकापुरताच असेल, तर लग्नकार्याला उदगीरला जाताना बंदूक सोबत नेता येणार नाही.