सिंहलद्वीपातून परत आलेल्या गोष्टी

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते, तेव्हा एखादे लहान मूल आम्हाला हमखास विचारते, "या गोष्टी आपल्याकडे आल्या कुठून?" प्रश्न साधा, पण उत्तर देताना आमची पंचाईत होते. कारण भगवान बुद्धांनी ज्या भूमीत उपदेश केला, तिथूनच पाली ग्रंथ शतकानुशतके नाहीसे झाले होते. ते जपले सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, सयाम येथील भिक्खूंनी. ताडपत्रांवर, आपापल्या लिपीत.

हे धन मराठीत आणणाऱ्यांमध्ये धर्मानंद कोसंबी अग्रभागी होते. त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी, सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धचरित्रावरचा लेख वाचला आणि त्यांना घर गोड लागेना. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ असं फिरत १९०२ साली ते कोलंबोला पोचले. तेथील विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे श्रामणेर होऊन पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

परत आल्यावर त्यांनी कलकत्त्याची नोकरी सोडली. महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहावेत या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले महिना पन्नास रुपये पत्करले. १९१० पासून चार वेळा ते अमेरिकेत हार्वर्ड येथे गेले, 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाच्या संपादनासाठी. १९२९ मध्ये रशियातही गेले. पण एवढं फिरूनही लिहिलं ते आपल्या साध्या मराठीत. 'बुद्धलीलासारसंग्रह' १९१४ सालचा. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार सुरू केला.

आता बाबासाहेबांची आठवण करा. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांना कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले मराठी बुद्धचरित्र भेट दिले. पुढे बाबासाहेब १९५० मध्ये श्रीलंकेला, १९५४ मध्ये रंगूनला गेले, तिथला बौद्ध समाज डोळ्यांनी पाहिला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंना धम्म दिला. दोघांची जात वेगळी, जीवन वेगळं, वाटही वेगळी. पण बुद्धांची ओळख दोघांनाही मराठीतल्या चरित्रकथेतून झाली, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

आपल्या विहारात कधी श्रीलंकेचे, थायलंडचे भन्ते येतात. भाषा कळत नाही म्हणून आपण दुरूनच वंदन करून मोकळे होतो. तसं करू नका. मुलांना जवळ घेऊन सांगा, "आपल्या घरची ठेव यांच्या पूर्वजांनी सांभाळली." बुद्धवंदना तर एकच आहे, ती त्यांच्याबरोबर म्हणा.

आणि रात्री निजताना मुलांना एक तरी जातककथा सांगा. कोणाच्या घरात, कोणत्या मुलाच्या मनात ती रुजेल, हे आज कोण सांगणार?

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!