ऑर्ग्रीव्हची लढाई : घटनाक्रम आणि पुनःप्रयोग

ऐतिहासिक लढायांचे पुनःप्रयोग इंग्लंडला नवे नाहीत. 1968 मध्ये स्थापन झालेल्या 'सील्ड नॉट' या संस्थेचे हौशी सभासद सतराव्या शतकातील यादवी युद्धाच्या लढाया मोकळ्या मैदानांवर लढत आले आहेत. तेथे जय-पराजय आधीच ठरलेला असतो. त्याची झळ ज्यांना लागली ती माणसे केव्हाच कालवश झालेली असतात. साहजिकच पोशाख आणि शस्त्रे यांच्या बिनचूकपणालाच इतिहासनिष्ठा मानले जाते. 17 जून 2001 रोजी दक्षिण यॉर्कशरमधील ऑर्ग्रीव्ह येथे जेरेमी डेलर या कलावंताने घडवून आणलेल्या प्रयोगाने ही परंपरा स्वीकारली आणि तिला अडचणीतही आणले. या लढाईला तेव्हा जेमतेम सतरा वर्षे झाली होती.

18 जून 1984 रोजी ऑर्ग्रीव्हच्या कोक कारखान्यासमोर संपकरी खाणकामगार आणि पोलीस हजारोंच्या संख्येने समोरासमोर आले. घोडदळाचा हल्ला झाला आणि गावातील रस्त्यांपर्यंत पाठलाग झाला. 95 कामगारांवर दंगल आदी आरोप ठेवण्यात आले. पोलिसांच्या साक्षी न टिकल्याने 1985 मध्ये खटला कोसळला. 1991 मध्ये दक्षिण यॉर्कशर पोलिसांनी 39 कामगारांना 4,25,000 पौंड नुकसानभरपाई दिली. दोष मात्र मान्य केला नाही.

समीक्षेच्या दृष्टीने कळीचा मुद्दा या घटनेच्या कथनात आहे. त्या संध्याकाळच्या बीबीसीच्या बातमीपत्रात कामगारांची दगडफेक आधी आणि घोडदळाची चाल नंतर दिसली. हा क्रम संकलनाच्या घाईत उलटा झाल्याचे बीबीसीने पुढे मान्य केले. दोन्ही दृश्ये खरी होती. त्यांची मांडणी तेवढी बदलली. अ‍ॅरिस्टॉटलने घटनांच्या रचनेला शोकात्मिकेचा आत्मा म्हटले, त्यामागचे मर्म येथे अनपेक्षितपणे उघड होते. रचना बदलताच कार्यकारणभाव बदलला, आणि ज्यांच्यावर हल्ला झाला ते हल्लेखोर ठरले.

डेलरच्या प्रयोगाचे मोल या पार्श्वभूमीवर ठरते. हॉवर्ड जाइल्स यांच्या दिग्दर्शनाखाली झालेल्या या प्रयोगात सुमारे आठशे हौशी पुनःप्रयोगकार होते आणि त्यांच्याबरोबर त्या संपात प्रत्यक्ष लढलेले दोनशेहून अधिक माजी खाणकामगार होते. सहभागींच्या आठवणींना येथे संहितेचा दर्जा मिळाला. प्रेक्षकांतही असे अनेक गावकरी होते, ज्यांना मूळ घटना पुस्तकात वाचावी लागली नव्हती. अशा प्रेक्षकासमोर घटनाक्रम चुकवणे शक्य नसते. काही माजी कामगारांनी तर पोलिसांचा गणवेश चढवला. ज्याच्या लाठीचा मार खाल्ला त्याच्याच रांगेत ढाल घेऊन उभे राहणे, हा अभिनयापलीकडचा अनुभव होता.

आर. जी. कॉलिंगवूड यांच्या 1946 मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'द आयडिया ऑफ हिस्टरी' या ग्रंथानुसार इतिहास म्हणजे भूतकालीन विचाराची इतिहासकाराच्या मनात होणारी पुनरावृत्ती. विचार पुन्हा जगता येतो. निव्वळ संवेदना त्या क्षणाबरोबर विरून जाते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ऑर्ग्रीव्हच्या प्रयोगाने या भेदावर प्रश्नचिन्ह लावले. येथे स्मृती शरीरात साठलेली होती, आणि धावणारे शरीरच विचाराला जागे करीत होते. तरीही कॉलिंगवूड यांचा इशारा पूर्णपणे निकामी होत नाही. भीती पुन्हा वाटली म्हणून तिचा अर्थ आपोआप उलगडत नाही. त्यासाठी क्रम लागतो, साक्ष लागते, युक्तिवाद लागतो. डेलर यांनी 2002 मध्ये संपकऱ्यांच्या कथनांचे पुस्तक काढले आणि त्याला इंग्लंडच्या यादवी युद्धाचा दुसरा भाग असे नाव दिले, ते या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

या प्रयोगाचे यश मोजताना त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. माइक फिगिस यांच्या चित्रपटामुळे तो गावाबाहेर पोहोचला, टेट संग्रहालयाच्या संग्रहात त्याला स्थान मिळाले. न्याय मात्र कलादालनात मिळत नाही. वैधानिक चौकशीची घोषणा ब्रिटिश सरकारने केली ती जुलै 2025 मध्ये, म्हणजे लढाईनंतर एक्केचाळीस वर्षांनी आणि पुनःप्रयोगानंतर चोवीस वर्षांनी. आधी काय घडले आणि नंतर काय, हा कथनशास्त्राचा प्राथमिक प्रश्न आहे. ऑर्ग्रीव्हच्या माणसांसाठी तो आयुष्यभराचा प्रश्न होता.