काल काय ऐकले?

बंगळूर शहराच्या उत्तरेस हेब्बाळ म्हणून जो भाग आहे, तेथे नोकरीच्या निमित्ताने राहण्याचा योग ज्या मराठी कुटुंबांस येतो, त्यांस तेथील तळे, विमानतळाकडे जाणारा उड्डाणपूल आणि संध्याकाळी खोळंबून राहिलेली वाहनांची रांग यांपलीकडे त्या गावाची ओळख क्वचितच होते. आमचीही झाली नव्हती. बंगळूर ही एके काळी शहाजीराजांची जहागीर होती, एवढे आपण परमुलखात अभिमानाने सांगतो आणि तेथेच थांबतो. हेब्बाळ मात्र शहाजीराजांहून पुष्कळ जुने. 2018 साली तेथे गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातला, म्हणजे इसवी सन 750 च्या सुमाराचा, एक वीरगळ उजेडात आला. कित्तय नावाच्या वीराचे मरण त्यावर कोरलेले आहे. त्या काळच्या माणसास दिवसभरात वाचावयास मिळत असेल तर असा एखादा दगडच. तोही बहुतेकांनी दुसऱ्याकडून वाचून घेतला असेल.

हा विचार आमच्या मनात येण्यास आमचा भाचा कारण झाला. तो साताऱ्याकडचा, येथील कृषी विद्यापीठात शिकतो आणि एक रविवार आड आमच्याकडे जेवावयास येतो. कृषिविस्ताराच्या विषयात त्याच्या अध्यापकांनी वर्गास एक काम दिले होते: सात दिवस रोजनिशी ठेवावयाची, वृत्तपत्र, नभोवाणी, दूरचित्रवाणी, चित्रपट आणि मोबाईल यांपैकी कशावर किती मिनिटे गेली ते रात्री लिहावयाचे, आणि आठवड्याअखेर आपले आकडे वर्गाच्या सरासरीशेजारी मांडून दाखवावयाचे. वही आमच्यापुढे टाकून तो म्हणाला, "मामा, मी वर्गाच्या पुढे आहे की मागे, तेच मला कळेना." वृत्तपत्राच्या रकान्यात त्याचे शून्य होते, आणि वर्गाचेही जवळजवळ तेच. मोबाईलच्या बाबतीत त्याने लिहिलेला आकडा एक, आणि त्या यंत्राने आपण होऊन मोजून ठेवलेला आकडा दुसरा व बराच मोठा. नभोवाणी मात्र वर्गात त्याच्या एकट्याच्याच वहीत होती: रोज सुमारे वीस मिनिटे. प्रयोगाच्या वाफ्यांत खुरपणी चालू असताना तेथील मजूर कानडी गाणी लावतात, ती हा ऐकतो. हे "ऐकणे" धरावे की नाही, हा त्याचा प्रश्न होता.

प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. अर्ध्या जगातील विद्वानांनी त्यावर डोके शिणवले आहे. माणसाच्या दिवसाचा हिशेब ठेवणे आपल्याला नवे नाही. पेशवे दफ्तरात रोजकीर्दींचे ढीग पडले आहेत आणि दौऱ्याची डायरी लिहिताना कोणत्या अधिकाऱ्याने मिनिटांची ओढाताण केलेली नाही! परंतु माणूस काय वाचतो, पाहतो व ऐकतो याची मोजणी विसाव्या शतकातली. अमेरिकेत 1930 च्या आसपास बोलपटांनी तरुण पिढी बिघडते की काय, या चिंतेतून पेन निधीच्या साहाय्याने संशोधनाची एक मालिकाच निघाली. तीत शिकागोच्या हर्बर्ट ब्लूमर यांनी विद्यार्थ्यांकडून त्यांची "चित्रपट-आत्मचरित्रे" लिहून घेतली. त्यांवर आधारलेले त्यांचे पुस्तक 1933 साली प्रसिद्ध झाले. विलायतेत बी. बी. सी. ने 1936 साली रॉबर्ट सिल्व्ही यांस श्रोतृसंशोधनासाठी नेमले. महायुद्ध सुरू झाल्यावर 1939 च्या अखेरीपासून तेथे रोज लोकांस गाठून एकच गोष्ट विचारली जाऊ लागली: काल तुम्ही काय ऐकले? "सामान्यतः काय ऐकता" असे विचारले असता माणूस आपल्याविषयी चांगले तेवढे सांगतो. "काल" म्हटले की त्यास खरे बोलण्यावाचून फारसे गत्यंतर उरत नाही. आमच्या भाच्याच्या वहीतील आणि यंत्रातील आकड्यांचा बेबनाव पाहता, कालचेही पुरते खरे सांगता येत नाही, असे दिसते.

आपल्याकडे हा विषय निराळ्या वाटेने आला आणि त्या वाटेवर म्हैसूर लागते. तेथील महाराजा कॉलेजात एम. व्ही. गोपालस्वामी हे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी 1935 साली आपल्या राहत्या घरातून, अगदी लहानशा प्रक्षेपकावर, एक खाजगी नभोवाणी केंद्र सुरू केले. "आकाशवाणी" हे त्या केंद्राचे नाव, आणि तेच पुढे सगळ्या देशाच्या नभोवाणीस मिळाले. मनाचा अभ्यास करणाऱ्या मनुष्याने आपल्या घरातून दुसऱ्याच्या कानाशी बोलावे, हा योग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. हे केंद्र यथावकाश संस्थानाच्या हाती गेले आणि 1955 साली बंगळूरास आकाशवाणीचे केंद्र आले.

त्यानंतर लगेच, 1956 च्या फेब्रुवारीत, जो प्रयोग झाला तो मात्र आपल्या मुलखातला. त्याचे नाव घेणारा मराठी माणूस आम्हांस फार थोड्या वेळा भेटला आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कॅनडात शेतकऱ्यांची नभोवाणी-मंडळे 1941 पासून चालू होती. तो नमुना पुढे ठेवून, युनेस्कोच्या साहाय्याने, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशे गावांसाठी आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम प्रक्षेपित होऊ लागला. दहा आठवडे, वीस कार्यक्रम. गावोगाव सुमारे वीस जणांचे मंडळ जमे, कार्यक्रम ऐके आणि ऐकून झाल्यावर त्यावर बोले. परिणाम तपासण्याचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि त्याची धुरा पॉल न्यूराथ यांनी वाहिली. हे मूळचे व्हिएन्नाचे. अमेरिकेत नभोवाणी-संशोधनाचा पाया घालणारे पॉल लाझार्सफेल्ड यांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांनी जी युक्ती योजली ती आमच्या भाच्याच्या कामाशी थेट जुळते. मंडळ असलेली गावे, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे आणि रेडिओच नाही अशी गावे, यांतील माणसांस त्यांनी आधी व नंतर प्रश्न विचारविले आणि उत्तरे शेजारी शेजारी मांडली. मंडळांच्या गावांतील लोकांचे ज्ञान इतरांहून कितीतरी अधिक वाढलेले निघाले. कार्यक्रम तोच, भाषा तीच. फरक होता तो ऐकल्यावर बोलावयास जवळ असलेल्या माणसांचा. 1959 साली ही योजना देशभर नेण्यात आली.

आमचे गाव त्या दीडशेत नव्हते. परंतु चावडीवरचा रेडिओ, त्याच्यापुढे उकिडवी बसलेली मंडळी आणि बातम्या संपल्या तरी न उठणारे म्हातारे, यांच्या गोष्टी आमच्या वडिलांनी इतक्या वेळा सांगितल्या आहेत की ते सगळे आम्हीच पाहिले, असे आम्हांस वाटू लागले आहे.

हेब्बाळचा या सगळ्याशी संबंध असा. येथील शेती-प्रयोगक्षेत्र 1899 सालचे. ॲडॉल्फ लेहमान हे रसायनशास्त्रज्ञ तेथे काम करीत. त्यांच्यानंतर आलेले कॅनडाचे लेस्ली कोलमन यांच्या कारकिर्दीत 1913 साली येथे शेतकी शाळा निघाली, 1946 साली महाविद्यालय झाले आणि 1964 साली कृषी विद्यापीठ. त्याची घडण अमेरिकेतील भूदान-विद्यापीठांच्या धर्तीवर झाली आणि टेनेसी विद्यापीठाने त्यास हात दिला. शिकवणे आणि संशोधन यांच्या जोडीस "विस्तार", म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावर जाणे, हे तिसरे काम त्या धर्तीत बरोबरीचे मानलेले आहे. बांधावर जावयाचे तर शेतकरी कोणाचे ऐकतो, हे आधी ठाऊक पाहिजे. आयोवातील संकरित मक्याविषयी रायन आणि ग्रॉस यांनी 1943 साली जो निबंध प्रसिद्ध केला, तो या शास्त्राचा जणू आद्यग्रंथ. नव्या बियाण्याची बातमी शेतकऱ्यास पहिल्याने विक्रेत्याकडून कळली, पण ते पेरावे असे मनाने घेतले ते शेजाऱ्याचे पाहून, असे त्यात निघाले. आमच्या भाच्याची वही या वंशातली आहे. त्याच्या अध्यापकांनी शेतकऱ्यास विचारावयाचे प्रश्न आधी विद्यार्थ्यांस स्वतःला विचारावयास लावले. हे आम्हांस फार योग्य वाटले.

आता तर सरकारच देशाच्या दिवसाचा हिशेब मांडते. 2019 आणि 2024 साली झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणांत सहा वर्षांवरील माणसांचा संस्कृती, विरंगुळा, प्रसारमाध्यमे व खेळ यांवर जाणारा दिवसाचा वाटा 9.9 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर गेलेला दिसतो. सरासरी म्हणून ते ठीक आहे. परंतु सरासरी म्हणजे कोणाचाही नसलेला दिवस, आणि विशीच्या मुलास तो आपल्या दिवसाशेजारी ठेवला की आपलेच काही चुकले असे वाटू लागते. त्या रविवारी त्याचा चेहरा तसाच उतरलेला होता.

आम्ही त्यास पुण्याच्या मंडळांची गोष्ट सांगितली. त्याने ती घास हातात धरून ऐकली आणि विचारले, "मग माझ्या वहीत 'कोणाबरोबर' असा रकानाच नाही, तो घालू का?" अध्यापकांची परवानगी घेऊन त्याने तो घातला व आधीचे सात दिवस आठवून भरला. पुढल्या खेपेस वही पुन्हा आमच्यापुढे आली. पानांमागून पाने "एकटा" असा शब्द होता. वसतिगृहात सगळ्यांनी मिळून पाहिलेल्या क्रिकेटच्या एका सामन्याखेरीज. नभोवाणीच्या ओळीत "चौघे" असे होते, आणि त्यापुढे बारीक अक्षरात, गाण्याचा अर्थ त्यांनी सांगितला, अशी टीप. आमच्या घरी घालविलेल्या रविवारी दुपारी बारापासून पाचपर्यंत सगळे रकाने कोरे होते. आम्ही विचारले, "हे भरावयाचे राहिले का?" तो म्हणाला, "नाही मामा, तेव्हा आपण बोलत होतो. त्याला रकाना नाही."

त्याच्या मामींनी तोवर दुसऱ्यांदा आमटी वाढली होती.